चढणाऱ्याची वाट

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो गावच्या शाळेतल्या सावंतबाईंमुळे.

रविवारी काशीमिऱ्याच्या डोंगरावरच्या पाड्यात मुलांना शिकवायला जातो. परवा मी तिथे शिकवतो हे ऐकून एका अनोळखी म्हाताऱ्याने मला जीपमध्ये घेतलं. मागे पाड्यासाठी पाण्याची पिंपं होती. प्रत्येक वळणाआधी तो हॉर्न देऊन थांबायचा, समोरून कुणी येतंय का ते ऐकायचा.

अर्ध्या चढावर वरून तीन महागड्या गाड्या आल्या, चिखलात मौज करून परतणाऱ्या.

"अंकल, पीछे लो. हम तीन हैं."

"चढणाऱ्याला वाट द्यायची असते, भाऊ. माझ्या मागं पाणी हाय."

"तो धीरे लो ना." हसत त्यांनी गाडी आणखी पुढे रेटली.

म्हातारा जीप मागे घेऊ लागला. चाक खड्ड्यात गेलं आणि दोन पिंपं उलटली. गाड्या न थांबता खाली गेल्या.

ओल्या मातीकडे बघत तो म्हणाला, "आज अर्ध्या घरांना पाणी न्हाय. कोणाला न्हाय म्हणू, तेवढं सांगा, मास्तर."

घरी येऊन मी बाईंना पत्र लिहिलं: "बाई, तुम्ही मला नम्रपणे बोलायला शिकवलंत. आज मी तीन गाड्यांमागे धावत शिव्या दिल्या. त्याबद्दल माफी मागत नाही."