फ्रिजमध्ये गोठलेलं सोनं

सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असले की पाणी सोनेरी नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थिनीने तसं पाणी बनवलं होतं. त्याचे थेंब सिलिकॉनच्या चकतीवर टाकून चकती विशिष्ट वायूच्या भट्टीत तापवली, की प्रत्येक कणाखाली सिलिकॉनची केसाहून कितीतरी बारीक तार उगवते. अशा तारांचा सोलर सेल प्रकाश चांगला शोषतो. भट्टी दुसऱ्या संस्थेची. बऱ्याच खटपटीने तिला सोमवारची पाळी मिळाली होती. ती हुकली तर प्रबंध वर्षभर लांबणार होता.

शनिवार-रविवार कॉलेजची वीज, म्हणजे प्रयोगशाळेतला फ्रिजही, बंद राहणार होती. ती म्हणाली, "सर, कपाटात राहू दे. काही होत नाही त्याला."

मी ऐकलं नाही. बाटली मुलुंडला घरी नेली, फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवली आणि काळजीपोटी थंडावा शेवटपर्यंत वाढवला.

रविवारी सकाळी बाटलीत बर्फ होता. वितळल्यावर पाणी जांभळट दिसलं, तळाशी काळा गाळ. गोठताना कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सुटत नाहीत, हे मीच वर्गात शिकवतो.

फोन हातात घेऊन बसून राहिलो. पाणी मुळातच नीट बनलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता. हे सुचलं, याचीच जास्त लाज वाटते.

शेवटी खरं सांगितलं.

"म्हणजे सर, रोझ सरबताचा कालाखट्टा केलात?"

"हो गं. माझ्यामुळे वाट लागली तुझी."

"अजून नाही लागली. सोन्याचा क्षार एका खेपेपुरता आहे. उद्या लवकर या. आणि सर, फक्त भांडी धुवा. बाकी कशाला हात लावू नका ना, प्लीज."

सोमवारी मी काचेची भांडी आम्लाने धुतली, शुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा खळबळली. तिने सोन्याच्या क्षाराच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट ओतलं; त्यानेच सोन्याचे कण तयार होतात. पिवळसर रंग गेला, मग सगळं शाईसारखं काळवंडलं. मी भांड्यावर वाकलो.

"असंच होतं, सर. घाबरताय काय?"

आणि हळूहळू लाल रंग चढत गेला.

संध्याकाळी भट्टीतून निघालेली चकती आता चकाकत नव्हती. मखमलीसारखी काळी झाली होती. दिव्याचं प्रतिबिंबसुद्धा दिसेना. तिने तिथूनच कणकवलीला फोन लावला.

"आये, जमलां गो!"

आईने काय जमलं ते विचारलं असावं. ती हसत म्हणाली, "काळां कुळकुळीत केलंय!"