करंगळीएवढी ढील

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या एका दैनिकाच्या महिला पुरवणीत लहान मुलाच्या दोनरंगी स्वेटरचा नमुना छापून आला. त्यातलं एक वाक्य गाळलेलं होतं. ते मी गाळलं. हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आणि जिचं नुकसान झालं तिला तर नाहीच.

मी त्या पुरवणीची उपसंपादक होते. नमुना कुसुमताईंचा होता. धरमपेठेत त्या आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायच्या आणि पुढच्या खोलीत विणकामाचा वर्ग चालवायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या वर्गावरच होतं. नमुना त्यांच्या नावानं छापणार म्हटल्यावर त्यांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

त्यांच्या वर्गात मीही बसत होते. एका रंगाचं विणकाम मला येत होतं; दोन रंगांचं येईना. निळ्या लोकरीत पांढऱ्या बदकांची एक रांग, छातीवरून फिरणारी — एवढंच. ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून न्यायचा असतो. मी तो ओढायचे. पट्टी आक्रसायची, बदकांच्या माना मुरगळल्यासारख्या दिसायच्या. उसवायचं, पुन्हा विणायचं, पुन्हा तेच. दोन्ही गुंडे एकमेकांत अडकायचे. कुसुमताईंनी एक गुंडा डावीकडे डब्यात, दुसरा उजवीकडे डब्यात ठेवायला लावला — गुंता सुटला. मागे लांब लोंबणारा धागा मध्येच एका टाक्याशी अडकवायला शिकवलं — तेही जमलं. हात मात्र सैल होईना.

"काहून ओढून राहिली वं सुधा? बैल बांधाचा आहे काय त्यानं?"

बायका हसायच्या.

"करंगळी घाल मागून. करंगळी मावली पाहिजे, तेवढी ढील ठेव."

हे त्या दर ओळीला म्हणायच्या. मी शिकलेली, नोकरी करणारी, दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून पगार घेणारी — आणि एक बदक सरळ येत नव्हतं. राग कोणाचा होता? बदकांचा नव्हता.

नमुना त्यांनी तोंडी सांगितला, मी उतरवून घेतला. करंगळीचं वाक्य त्यात होतं. छापखान्यात पान लागत असताना फोरमन म्हणाला, "बाई, चार ओळी जास्त होऊन राहिल्या." ते वाक्य, त्यामागच्या खुलाशासकट, चार ओळींचं होतं. जागेसाठी काढलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं आहे, पुरतं नाही. पानाच्या माथ्यावर माझी प्रस्तावना होती — नागपूरच्या थंडीवर, चारच ओळी. ती काढली असती तर कोणाचं काही अडलं नसतं. मी करंगळीच्या वाक्यापाशी आले, कुसुमताईंचा आवाज ऐकू आला, बायकांचं हसणं ऐकू आलं — आणि त्यावर रेघ मारली. मारताना बरं वाटलं. हेही लिहायला हवं ना?

त्याच महिन्यात रामटेकहून एक बाई पोराला काखेत घेऊन कचेरीत आली. पिशवीतून कापलेला स्वेटर काढून तिनं संपादकांच्या टेबलावर ठेवला. "बदकं मस्त आली, साहेब. पण पट्टी ताणेच ना, पोट्टा आत अडकला. ना वर निघे, ना खाली. रडून रडून निळा झाला, तवा कैची लावली." मागून तशाच तक्रारी आणखी आल्या.

संपादकांनी मला विचारलं, चूक कोणाची? माझं हस्तलिखित तोवर रद्दीत गेलं होतं. मी म्हणाले, "कुसुमताईंनी सांगितलं तसंच छापलंय."

पुढच्या पुरवणीत दिलगिरी छापली: मूळ नमुन्यातच त्रुटी होती. खाली त्यांचं नाव. हा मजकूरही मीच लिहिला.

वर्गातल्या बायका कमी होत गेल्या. एकीनं तर त्यांच्या फाटकातच म्हटलं, जिचं तिलेच पाठ नाही, ती आपल्याले काय शिकवीन. मी शेजारून जात होते. थांबले नाही.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला कुसुमताई आमच्याकडे आल्या. भांडायला आल्या असत्या तर? मी तयारीत होते. त्या भांडल्या नाहीत. डबा हातातच धरून म्हणाल्या, "सुधा, ते करंगळीचं मी तुले सांगितलंच नाही काय वं? मले तर वाटते सांगितलं. पण आता खात्री नाही राहिली."

जी बाई मला दर ओळीला तेच ऐकवायची, ती हे विचारत होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"राहिलं असेल, ताई," मी म्हणाले. "होतं असं."

त्यांनी मान हलवली, तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि गेल्या. उन्हाळ्याआधी वर्ग बंद झाला. घर विकून त्या मुलाकडे अमरावतीला गेल्या.

सात-आठ वर्षांनी बातमीच्या कामानं अमरावतीला गेले असता मी त्यांच्याकडे गेले. का गेले? सांगायला, असं बसमध्ये ठरवलं होतं. त्या सुनेला दोनरंगी विणायला शिकवत होत्या. "करंगळी मावली पाहिजे," त्या म्हणाल्या. दोन टाके झाले, पुन्हा म्हणाल्या. मग पुन्हा.

सून हसली. "कितीदा सांगसान, आई?"

कुसुमताईंच्या सुया थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं ना वं मी?"

"हो, ताई," मी म्हणाले. "आत्ताच सांगितलं."