मेंढीचा तोंडवळा

मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. मेंढपाळ मला डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. लस टोचतो, कानात बिल्ले मारतो, जखमा धुऊन बांधतो. हे आधीच सांगतो, कारण सिरसाळ्याच्या बाजारात त्या दिवशी माझ्या शब्दाला नको तेवढं वजन आलं होतं आणि ते मला पेलत नव्हतं.

बबिताला मी पहिल्यांदा पाहिलं ते लिंबागणेशजवळच्या त्यांच्या वस्तीवर, पाच-सहा वर्षांपूर्वी. लसीकरण चाललं होतं. तिचा नवरा परमेश्वर एकेक मेंढी धरून माझ्यापुढे आणत होता आणि ही बाई बाभळीखाली बसून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी गिरवत होती. मला राग आला. एवढं काम पडलंय आणि हिला लिहायचं सुचतंय. जवळ जाऊन बघितलं तर कागदातून एक मेंढी माझ्याकडे बघत होती. कुठलीही मेंढी नव्हे. डाव्या डोळ्याखाली पांढरी रेघ असलेली, खालचा ओठ जरा पुढे काढून रुसल्यासारखी उभी राहणारी, मी नुकतीच टोचलेली तीच मेंढी.

"कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"चौथीपस्तोर गेलते. त्यातली दोन सालं मेंढरांमागंच गेली."

"चित्रं काढायला कुठं शिकलीस म्हणतो."

"ते न्हाई शिकले," ती म्हणाली. "ते आपलं असंच."

'असंच' म्हणजे काय, ते मला पुढच्या चार-पाच खेपांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिचे वडील धुळाजी यांना शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि कळप होता दोनशेचा. दिवस कलला की ते मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीचं तोंड बघायचे. शेवटची आत गेली की म्हणायचे, "कवडी आली न्हाई." मग कवडी शोधायला माणूस निघायचा. "मेंढरू मोजायचं नसतं, वळखायचं असतं," हे त्यांचं वाक्य बबिता अजून त्यांच्याच आवाजात बोलून दाखवते.

अकरा वर्षांची असताना तिच्या देखत लांडग्याने एक मेंढी नेली. चांदी तिचं नाव. आठ दिवसांनी बबिता डोंगरात बसली होती आणि चांदीचं तोंड आठवायला गेली तर आठवेना. कपाळावर ठिपका एक होता की दोन?

"मेली त्याचं रडू आलंच व्हतं," ती मला म्हणाली, "पन आठवंना म्हनून लई भ्यालं माझं मन. म्हणलं, लांडग्यानं मेंढी नेली, आन् तोंड मीच घालवलं."

तिथल्याच गेरूचा खडा उचलून तिने सपाट दगडावर ते तोंड काढायला घेतलं. पुसलं, काढलं, पुसलं. तिसऱ्या दिवशी ठिपके दोन निघाले. त्यानंतर तिचा हात थांबला नाही. बाभळीचा कोळसा, चुन्याची निवळी, चिमणीची काजळी, जे मिळेल ते. सासरी आल्यावर लग्नपत्रिकांचा शोध लागला. तो कागद जाड असतो, घडीला फाटत नाही. लग्नसराई संपली की ती घरोघरी जाऊन पत्रिका मागायची. बायका हसायच्या. सासूने एकदा चुलीत घातल्या. नवरा हसला नाही आणि कौतुकही केलं नाही. त्याने बाजारातून एक पत्र्याची पेटी आणून दिली, एवढंच.

एकदा मी तिला रंगीत पेन्सिलींचा डबा दिला. पुढच्या खेपेला बघितलं तर त्यातली काळी तेवढी बोटभर उरली होती, बाकीच्या जशाच्या तशा.

"मेंढीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असती," तिने मला समजावलं. "तिच्यात उजेड कुठं पडतो ते आधी बघायचं. डोळा जमला की मेंढी कागदावर येती. न्हाईतर नुसती लोकर."

गेल्या पौषात त्यांचा मुक्काम सिरसाळ्याच्या अलीकडे, अमरसिंहदादांच्या रानात होता. दादा म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. दीडशे एकर काळी जमीन, मागे माणसं, पुढे निवडणुका. परमेश्वरचा बाप त्यांच्या बापाच्या रानात मेंढ्या बसवायचा. लेंडीखताने रान सुधारायचं, मेंढ्यांना चारा आणि घरच्यांना ज्वारी मिळायची. एका पहाटे जाळी कापलेली दिसली आणि नऊ मेंढ्या गेलेल्या. दादांच्या दिवाणजीने, म्हणजे शेतीचा कारभार बघणाऱ्या माणसाने, "लांडगं असत्याल" म्हणून हात झटकले. लांडगा जाळी विळ्याने कापत नाही हे परमेश्वरलाही कळत होतं. पण तो गप्प बसला.

दोन आठवड्यांनी सिरसाळ्याच्या बाजारात मी लशीचे खोके मांडून बसलो होतो. समोर बद्रीनाथ नावाच्या व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. चाळीसेक मेंढ्या भरून झाल्या होत्या, ताडपत्री बांधायची राहिली होती. बबिता आणि परमेश्वर मीठ घ्यायला आलेले. ती ट्रकच्या बाजूने गेली, थबकली, फळीच्या फटीला डोळा लावला आणि म्हणाली, "ह्या माझ्या हायेत."

बद्रीनाथ हसला. "कोनत्या गं? सगळ्या?"

"माझ्या नऊ गेल्यात, त्यातल्या. चोरीच्या हायेत."

'चोरी' हा शब्द ऐकून बाजारातली माणसं सरकत-सरकत तिथे जमली. मी फळीवर चढून आत बघितलं. बऱ्याच मेंढ्या ताज्या कातरलेल्या होत्या, त्यामुळे पाठीवरची रंगाची खूण असली तरी लोकरीबरोबर गेलेली. काहींचे कान फाटलेले, रक्त वाळलेलं. बबिताच्या मेंढ्यांना मीच बिल्ले मारले होते. ते ओढून काढले असतील तर कान असेच फाटणार. पण फाटक्या कानावर नंबर नसतो.

बबिताने हाक घातली. मेंढ्यांनी ओ दिली, पण चाळीसच्या चाळीस ओरडायला लागल्या.

"खाटकानं हाक मारली तरी वरडत्यात," बद्रीनाथ म्हणाला. "मी ह्या दादांच्या शेतावरून घेतल्यात. दादांना चोर म्हनती का?"

परमेश्वरचा चेहरा उतरला. त्याने बायकोचा दंड धरला. "चल. काहून जीव घेतीस? आपली जाळी त्येंच्याच रानात हाय."

"हात सोडा," ती हळूच म्हणाली. त्याने सोडला.

बद्रीनाथने तोवर फोन लावला होता. वीस मिनिटांत पांढरी गाडी आली. तोवर माणसं हळूहळू एक-एक पाऊल मागे सरकली आणि बबिता ट्रकच्या फळीला हात लावून एकटीच उभी राहिली. ड्रायव्हर अजिनाथ, पन्नाशीचा माणूस, स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

अमरसिंहदादा उतरले. आवाज चढवला नाही. "बबिता, माझ्या रानातून गेलेलं मेंढरू चोरीचं म्हनतीस?"

"तुमी चोरलं असं न्हाई म्हनत दादा. पन मेंढरं माझी हायेत."

"वळख काय?"

"तोंडं."

हशा पिकला. दादाही हसले. "फोटो हाय मोबाईलमधी?" परमेश्वरने मोबाईल काढला. फोटोत धुळीतल्या पाठीच पाठी होत्या, मुंड्या खाली.

"चित्रं हायेत," बबिता म्हणाली. "घरी पेटीत."

"लिंबागणेशला? तवर ट्रक हैद्राबादला जाईल." दादांनी गर्दीवरून नजर फिरवली. ते लोकांपुढे बोलायला सरावलेले होते. "असं कर. ट्रककडं पाठ करून हितंच काढ. नऊच्या नऊ. जुळल्या तर घेऊन जा. एक जरी चुकली तरी पुन्हा हे तोंड उघडायचं न्हाई. आन् जुळवायचं काम..." त्यांचं बोट माझ्यावर थांबलं. "डॉक्टरांचं. सरकारी मानूस हाय. खरं तेच सांगंल."

त्यांच्या एका फोनवर माझ्यासारख्यांच्या बदल्या होतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मला तर जास्तच.

मी लशीचे खोके फाडून त्यांचे नऊ तुकडे केले. चहाच्या हॉटेलवाल्याने भट्टीतला विझलेला कोळसा आणून दिला. बबिता ट्रककडे पाठ करून जमिनीवर बसली. पहिल्या तुकड्यावर कोळसा टेकवून दाबला. कोळसा मोडला. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं!" तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मला वाटलं, आता ही उठणार. मग डोळे न उघडताच तिने पुठ्ठ्यावर बोट फिरवलं, जसं एखाद्याच्या कपाळावरून फिरवावं, आणि डोळे उघडून आधी डोळा काढला. आडवी बाहुली, तिच्यात पुठ्ठ्याचाच कोरा ठिपका.

त्यानंतर ती थांबली नाही. एक झालं की पुठ्ठा बाजूला सारायचा, दुसरा घ्यायचा. नाकाचा बाक, ओठांची ठेवण, कानाच्या आतली काळी पट्टी, हनुवटीखालचा चामखीळ. पाऊण तास गेला. दादा खुर्ची मागवून बसले होते. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

पहिला पुठ्ठा घेऊन मी ट्रकमध्ये चढलो. मेंढ्या धरून तोंडं वर करायला दोन हमाल. सातवी-आठवी मेंढी वर केली आणि मला कळलं, हीच. हनुवटीखाली चामखीळ. पुठ्ठ्यावर होता तिथेच, तेवढाच. मी मान वळवून खाली बघितलं. दादा माझ्याकडेच बघत होते.

"नीट बघा डॉक्टर. घाई न्हाई."

मी मेंढीची हनुवटी धरून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, दोन-तीन श्वास असतील. त्या दोन-तीन श्वासांत 'नाही जुळत' हे शब्द माझ्या जिभेवर येऊन गेले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग मेंढी हलली, तिचा चामखीळ माझ्या अंगठ्याला लागला, आणि मी म्हणालो, "जुळतंय."

दुसरी जुळली. तिसरी. चौथीला गर्दीतून आवाज यायला लागले. पाचवी, सहावी. माणसं पुन्हा पुढे सरकली. सातवी, आठवी. आठ मेंढ्या खाली उतरल्या आणि परमेश्वर त्यांच्या मधोमध उभा राहिला, काठी छातीशी धरून.

नववी मिळेना. पुठ्ठ्यावर एक कोवळी मेंढी होती, अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं. मी ट्रकमधल्या उरलेल्यांतली एकेक पुन्हा बघितली. तशी एकही नव्हती.

"चुकली!" बद्रीनाथ ओरडला. "एक चुकली म्हनजी सगळ्याच चुकल्या. दादा, तुमीच म्हनलाव!"

"चढवा वर," दादा शांतपणे म्हणाले. हमालांनी एका मेंढीचा पाय धरला. परमेश्वरने काठी आडवी घातली. मला वाटलं, आता इथे डोकं फुटणार.

"ती चुकली न्हाई."

ड्रायव्हर अजिनाथ खाली उतरला होता. तो कुणाकडेच बघत नव्हता, पुठ्ठ्याकडे बघत होता. "अर्धी काळी व्हती ती. काल मेली. कान फाडताना लई रगात गेलं तिचं. मीच उचलून बाजूला टाकली." मग त्याने बद्रीनाथकडे ट्रकची किल्ली फेकली. "दुसरा ड्रायव्हर बघा."

अख्ख्या बाजाराला ते ऐकू गेलं. दादा उठले, कपडे झटकले आणि बद्रीनाथला म्हणाले, "जाऊ दे त्येंची मेंढरं." दिवाणजीला कामावरून काढतो, असं मोठ्याने जाहीर केलं. दिवाणजीने मेंढ्या विकल्या त्या दादांना न सांगता की सांगून, ते मला माहीत नाही. गाडीकडे जाताना दादा परमेश्वरजवळ थांबले आणि हळू आवाजात बोलले, पण मी जवळ होतो. "आजच जाळी उचला. आन् पुढच्या साली माझ्या रानात येऊ नका."

बबिता रडली ती तेव्हा. नववा पुठ्ठा मांडीवर घेऊन, मेलेल्या कोवळ्या मेंढीसाठी. गमावलेल्या रानासाठी परमेश्वर रात्रभर जागा होता, हे तिनेच मला पुढे सांगितलं.

तीन महिन्यांनी माझी बदली झाली. ती त्यामुळेच झाली असं मी म्हणत नाही.

यंदा त्यांचा मुक्काम नारायणगडाच्या बाजूला आहे. रान हलकं आहे, चारा कमी. मी मुद्दाम भेटायला गेलो. बाजारातली गोष्ट सगळ्या वस्त्यांवर गेली होती आणि मेंढपाळ आपापली मेंढरं घेऊन तिच्याकडे येत होते. "आमच्याबी काढून ठिव, उद्या चोरी झाली तर." कुणी एका दिवसात पन्नास काढायला सांगायचं.

"हात जड व्हतो," ती म्हणाली. "पयले मला इसर पडू नये म्हनून काढायचे. आता चोराच्या भ्यानं काढायची. पंधरा-वीस काढल्या आन् बघितलं तर सगळ्यांचं तोंड येकच. मेंढी न्हाई, नुसती लोकर. लई घाबरले."

मग तिने ठरवलं. रोज एकच. आणि ज्याला चित्र हवं त्याने मेंढी दिवसभर तिच्यापाशी चरायला सोडायची. पुष्कळ जण चिडून गेले. "लई मोठी झाली," म्हणाले. परमेश्वरलाही ते पटलेलं नव्हतं. लोकांना दुखवून आता कुठल्या रानात जायचं, असं त्याचं म्हणणं. त्यांच्यात त्यावरून दोन दिवस बोलणं नव्हतं, हे मला आल्या-आल्या जाणवलं.

मी गेलो तेव्हा तिच्यासमोर कुणाची तरी काळीभोर मेंढी चरत होती, कुठे डाग नाही, ठिपका नाही. मेंढीचा मालक पलीकडे उकिडवा बसून दर थोड्या वेळाने उन्हाकडे बघत होता. दुपार टळली तरी बबिताच्या हातातली पत्रिका कोरीच होती. मी जातो म्हणालो. तिने मान वर केली नाही. मेंढीने तोंड उजेडाकडे फिरवलं, तशी बबिता गुडघ्यावर सरकून तिचा डोळा दिसेल अशा बाजूला जाऊन बसली.