सुकन्याचे बेचाळीस धडे

डाळजच्या जोतीरामनं वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या परीक्षेचा फॉर्म भरला, तेव्हा गावातल्या रिकामटेकड्यांना चघळायला आयता विषय मिळाला. "तात्या, आता मेंढरं माउसनं हाकणार व्हय?" असं एकानं तोंडावर विचारलंसुद्धा. जोतीराम हसला आणि इंदापूरची एसटी धरली. हसला म्हणजे ओठ हलवले एवढंच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांचं काय जातंय बोलायला?

घरातली मेंढरं त्याच्या बापाबरोबरच संपली होती. जोतीराम इंदापूरच्या एका शिक्षण संस्थेत कॉम्प्युटरची देखभाल करायचा. संस्थेच्या सात शाळा, एक डाळजला तर एक पार तिकडं सुप्याला. जोतीराम आपला वायरी जोडणारा माणूस. खरं डोकं त्याच्या पोरीचं, सुकन्याचं. डिप्लोमा करून ती त्याच संस्थेत लागली आणि इंदापुरात बसल्या बसल्या साती शाळांच्या कॉम्प्युटरवर हवं ते पोचवायला लागली. प्रोग्राम, धडे, चित्रं, सगळं एकात बांधायचं, कुठल्या मशीनवर जायचं ते ठरवायचं आणि पाठवून द्यायचं. त्या बांधलेल्याला पॅकेज म्हणतात. त्यातलीच परीक्षा तिला द्यायची होती. अभ्यासाची वही तिनं मराठीत काढली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'पॅकेज म्हणजे आजोबांचं घोड्यावरचं बिऱ्हाड. मुक्कामाला लागणारं सगळं त्यात पाहिजे. मागं राहिलं ते राहिलं.'

पोरांसाठी तिनं विज्ञानाचे बेचाळीस धडे स्वतःच्या आवाजात भरले होते आणि साती शाळांना पाठवले होते.

मागच्या जूनमध्ये भिगवणजवळ हायवे ओलांडताना ट्रकनं तिला उडवलं. चोवीस वर्षांची पोर. फोनचाही चुरा झाला. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवायच्या नाहीत, ही त्यांच्या घरची रीत. तेराव्याला जोतीरामच्या बायकोनं, सारजानं, डोळे पुसत पुसत कपडे दिले, गाडी दिली, लॅपटॉप भाचीला, मोनाला दिला. मोनानं तो सगळा पुसून कोरा करून घेतला. तिची तरी काय चूक? दिलेली वस्तू दिलेलीच असते.

तर सुकन्याचा आवाज उरला तो संस्थेच्या आणि शाळांच्या कॉम्प्युटरात. जोतीराम रोज डबा खाताना एक धडा लावायचा. सारजानं मात्र एकदाही ऐकला नाही. ती म्हणाली, "वरीस होऊ द्या. आत्ता ऐकलं तर काळीज फुटंल माजं. वर्सशराद झालं की लावा. मग बसून समदं ऐकंन."

जोतीरामची परीक्षा हे धडे जपायलाच होती. सुकन्यामागं तिचं काम त्याच्याकडं आलं होतं. हे काम ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही त्याच्या हाती ठेवायचं नाही, बाहेरच्या कंपनीला द्यायचं, असं संस्थेत चाललं होतं. बाहेरचा माणूस सुकन्याचे धडे ठेवील का काढून टाकील, कुणी सांगावं? जोतीरामनं ऑफिसात राहिलेली पोरीची वही उघडली आणि पाठ करायला घेतली.

यंदाच्या जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला. धड्यांचा क्रम बदलून नवी आवृत्ती पाठवा, असं संस्थेनं सांगितलं. वर्षश्राद्ध शनिवारी होतं आणि हा बुधवार. जोतीराम वही पुढ्यात घेऊन बसला. नव्या फोल्डरात बेचाळीस धडे हव्या त्या क्रमानं लावले, बांधले. 'आधी एका मशीनवर तपासा' असं वहीत होतं, म्हणून स्वतःच्या मशीनवर उघडून बघितले. छान वाजले. मग 'जुनी आवृत्ती काढून टाका' यावर खूण केली, सगळ्या शाळा निवडल्या आणि पाठवून दिलं. सर्व्हरवरचं जुनं पॅकेजही पुसलं, कारण वापरात नाही ते ठेवू नये, असंही वहीत होतं. पोरीच्या शब्दाबाहेर जायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

गुरुवारी सकाळी डाळजच्या शाळेतून फोन आला, की धडे उघडत नाहीत. त्यानं आपल्या मशीनवर बघितलं. ओळीनं बेचाळीस नावं होती, आत काहीच नव्हतं. त्यानं धडे बांधलेच नव्हते. पडद्यावर धड्यांची जी चिन्हं दिसतात ती, शॉर्टकट, तेवढी उचलून बांधली होती. ती चिन्हं मूळ धडा कुठं आहे ते नुसतं दाखवतात. मूळ धडे होते जुन्या आवृत्तीत, म्हणून तर तपासताना वाजले. आणि ती जुनी आवृत्ती त्यानंच साती शाळांतून, स्वतःच्या मशीनवरूनसुद्धा, काढून टाकली होती. घराचा पत्ता जपून घेतला आणि घर पाडलं. अरे बाबा, एवढी वही पाठ केलीस आणि हे कसं दिसलं नाही तुला? पण चिडून तरी काय उपयोग?

पुसलेलं परत काढून देणारा एक जण इंदापुरात होता. त्यानं दुपारपर्यंत सर्व्हर चाळला आणि मान हलवली. "तात्या, त्याच जागेवर नवीन भरलंया. न्हाय निघायचं."

तेव्हा जोतीरामला सुप्याच्या शाळेतला एक कॉम्प्युटर आठवला. कीबोर्ड मोडला म्हणून दिवाळीपासून कपाटावर ठेवलेला. तो बंद होता, म्हणजे नवी आवृत्ती त्याच्यापर्यंत पोचली नसणार. जुने धडे त्यात तसेच असणार. फक्त नेट जोडून चालू करायचा नाही. केला की अर्ध्या तासात तोही रिकामा.

त्यानं तिथल्या श्रेया मॅडमना फोन लावला. सांगायचं एवढंच होतं, की त्याला हात लावू नका. पण मग मॅडम विचारणार, का हो तात्या? आणि सांगावं लागणार, की बापानंच पोरीचा आवाज पुसला. त्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, "उद्या येतोय. कपाटावरचा कॉम्प्युटर बघायचा हाय जरा."

"या की तात्या," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं तो बारामतीला आला, तिथं गाडी बदलली, सुप्याला उतरला आणि जवळजवळ पळतच शाळेत गेला. मॅडमनी स्वतः त्याला आत नेलं. टेबलावर धुतलेला कपडा अंथरला होता. कॉम्प्युटर पुसून लख्ख केलेला, ऑफिसातला कीबोर्ड आणून लावलेला, आणि पडदा उजळलेला. "म्हटलं, तुम्ही एवढ्या लांबून येणार, तुमचा खोळंबा नको," मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "सकाळी सातलाच जोडून ठेवलाय. नेटसुद्धा चालू आहे."

पाहुणा यायच्या आधी सगळं तयार ठेवायचं, ही आपल्याकडची चांगली सवय. तिला कोण नावं ठेवणार? जोतीराम खुर्चीत बसला. पहिला धडा दाबला, फाइल सापडत नाही. दुसरा दाबला. त्यानं बेचाळीसच्या बेचाळीस दाबून बघितले.

"काय बिघडलंय का हो?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय. मशीन चांगलं हाय," तो म्हणाला. चहा केलेला होता, तो प्याला आणि निघाला.

परीक्षेत तो पुढं पासही झाला. पॅकेज बांधण्याच्या प्रश्नांत त्याची एकही चूक नव्हती म्हणे. त्या प्रमाणपत्राचं काय आता लोणचं घालायचं?

शनिवारी दुपारी भावकी जेवून गेली. सारजानं हात धुतले, पदर सारखा केला आणि भिंतीला टेकून बसली. वर्षभर थांबलेली बाई. म्हणाली, "लावा आता."

जोतीरामनं सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. बोलताना त्याला मान वर करता येईना.

सारजानं विचारलं, "येक बी न्हाय ऱ्हायला?"

"न्हाय."

"काय सांगायची ती त्यात?"

रोज ऐकून त्याला शब्द न् शब्द पाठ होता. त्यानं पहिला धडा सुरू केला. "पोरांनो, आज पाणी बघायचं. उजनीचं न्हाय, पेल्यातलं." सुकन्या जिथं थांबायची तिथं तो थांबला, ती जिथं हसायची तिथं हसायला गेला. सारजानं डोळे मिटून घेतले होते. चार-पाच वाक्यं झाली असतील, तिनं हात पुढं करून त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "समदं बरुबर आसंल. पर ह्यो तुमचा आवाज हाय."