राखून ठेवलेलं वाचन

दौंडला एका पत्र्याच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं राहायचो. अभ्यासाला मी शेजारच्या मामांच्या ओट्यावर बसायचो. तिथंच शिकून आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो.

मामा ख्रिस्ती, रेल्वेतून रिटायर झालेले. रोज संध्याकाळी मामींना बायबलमधली संदेष्ट्यांची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायचे. यहुद्यांचं यरुशलेम शहर पडलं, लोक परमुलखात, बाबेलला बंदिवासात गेले, सगळं वाचायचे. लोक घराकडं माघारी निघाले, की पुस्तक मिटायचे.

"मामा, पोचू द्या की त्यांना!"

"आधी गावाकडं, निमोण्यातलं माझं पडकं घर उभं राहू दे. तिथं बसून वाचीन."

"तवर त्यांनी वाटंतच थांबायचं व्हय?"

"थांबत्यात. सवय हाय त्यांना."

मामी मात्र थांबल्या नाहीत. पुढचं न ऐकताच गेल्या.

यंदा घर झालं. मामांनी मला एकट्यालाच बोलावलं. नव्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. मी एकीवर टेकणार, तोच म्हणाले, "तू खाली बस. ती तिची हाय."

मी फरशीवर बसलो. मामांनी चष्मा पुसला आणि राहिलेलं सगळं त्या खुर्चीकडं तोंड करून वाचलं.

लोक यरुशलेमला पोचले. मामा निमोण्यात पोचले.