मेलेल्या माशांची बादली

कोल्हापूरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी यंत्रं सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात टाकीत हवा सोडणारं यंत्र जळालं आणि दोन दिवस शहराचं सांडपाणी अर्धवट साफ होऊनच पंचगंगेत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गावातला एक म्हातारा मासेमार आला आणि त्यानं मेलेल्या माशांची बादली माझ्या टेबलावर आदळली.

"पावणं, ह्ये काय केलंसा?"

मला लाज वाटली. मी त्याला टाकीवर नेलं. "मामा, घाण खाणारे बारीक जीव आम्ही या पाण्यात वाढवतो. हवा मिळाली नाही की तेच मरतात आणि घाण तशीच नदीत जाते."

काळ्या पडलेल्या पाण्याकडे तो बघत राहिला. "म्हंजे ह्येबी मासं पाळल्यावानीच हाय की."

दुपारी नवी मोटर आली. तो घरी गेलाच नाही. मोटर उतरवताना आमच्याबरोबर दोर धरून उभा राहिला. यंत्र सुरू झालं, टाकीभर बुडबुडे उठले, तेव्हा त्यानं विचारलं, "ह्ये पाणी फुडं जातंय कुठं?"

"कृष्णेत. तिथून पार समुद्रात."

"मग तिथलं कोळीबी तुमास्नी शिव्या घालत असत्याल."

मी हसलो, पण ते बोलणं मनात राहिलं. आता यंत्र अडलं की साहेबांच्या आधी मी त्याला फोन करतो. तो जाळं काढून घेतो आणि काठावरच्या बाकीच्यांनाही सांगतो.