कालव्याकाठचे मिशनरी

“माणूस ग्रँड आहे हो बाबा, पण आफ्रिकेतल्या खेड्यात इतकी वर्षं प्रवचनांपलीकडे काय केलं असणार त्यानं?” हे माझ्या डॉक्टर चिरंजीवांचे मत, आणि ते साफ चुकीचे आहे.

२०२१च्या टाळेबंदीत मी चिरंजीवांकडे आयर्लंडमध्ये होतो; तिथल्या नास गावच्या कालव्याकाठी हे वृद्ध मिशनरी मला रोज भेटत. बाकाच्या एका टोकाला ते बसत, दुसऱ्या टोकाला मी. बोलताना त्यांचे हात दांडा दाबल्यासारखे खालीवर होत. आफ्रिकेतला त्यांचा दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि गावोगावचे हातपंप दुरुस्त करण्यात सरे, असे ते सांगत. मी जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याचा अभियंता होतो. मला कोण फसवणार? मी परीक्षाच घेतली. “दुरुस्तीसाठी पंप केव्हा उघडायचा?”

“भर दुपारी. सकाळी बायका पाण्याला येतात. त्यांना रिकाम्या भांड्यांनी परत पाठवायचं का?”

तापलेल्या पाइपांनी हात भाजल्याशिवाय हे उत्तर येत नाही. आणि चिरंजीवांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की माझ्या साऱ्या नोकरीत ऊन टाळण्यासाठी आम्ही पंप सकाळीच उघडत असू.